गीतानं विचारलेला प्रश्न

दिग्रसच्या एसटी स्टँडवर गीता आली तेव्हा तिच्या हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती.

आम्ही दोघी पुण्याला निघालो होतो. बी.एस्सी. झालं होतं, एम.एस्सी. फिजिक्सला दोघींना प्रवेश मिळाला होता. यवतमाळहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये दोन सीट सांगून ठेवल्या होत्या, खिडकीची माझी आणि शेजारची तिची. माझी पत्र्याची ट्रंक बाबांनी बसच्या टपावर चढवली होती, मायनं दशम्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला होता. गीता मात्र कॉलेजला यायची तशीच, ओढणी नीट करत आली आणि आमच्या समोर उभी राहिली.

"बॅग कुठं हाय व?" मी विचारलं.

"घरी." मग थोडं थांबून म्हणाली, "बाची कंबर धरली, करुणा. उठता येऊन नाई राह्यलं. विजय एकटा पडला."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. गीताचा तांडा दिग्रसपासून जवळच होता, आणि दसऱ्यानंतर तो जवळजवळ सगळाच ऊस तोडायला घाटावर, साताऱ्याकडं जाणार होता. ऊसतोडीला मुकादम एकट्या माणसाला घेत नाही, जोडी लागते. तिचा भाऊ विजय बापाबरोबर जाणार होता. आता बापाच्या जागी गीता.

माय रडली नाही. ती गीताचा हात धरून उभी राहिली, माझा नाही. बस सुरू झाली तेव्हा बाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "मांगं वळून पाहू नको. मळमळते तुले." मला लहानपणापासून बस लागायची, म्हणून ते सांगत होते. मी समोर बघत बसले. ट्रॅव्हल्समध्ये शेजारची सीट कारंज्यापर्यंत रिकामी राहिली. तिथं एक आजोबा चढले, सीटवर हात फिरवून धूळ झटकली आणि बसले. मग मला झोप लागली.

आपल्या गावाकडच्या तुमच्यापैकी जे तिथंच राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, त्या सगळ्यांना हे सांगावंसं वाटतं. आपण निघालो तो दिवस सगळ्यांना आठवतो. आपल्याबरोबर कोण निघणार होतं आणि निघालं नाही, ते सहसा कुणी सांगत नाही.

गीता आणि मी एका बाकावर बसायचो. ती बंजारा तांड्यातली, मी बौद्धवाड्यातली. कॉलेजात फिजिक्सला मुली आम्ही दोघीच, त्यामुळे मैत्री होण्यावाचून इलाज नव्हता. पण खरी मैत्री झाली ती एका ताऱ्यामुळे.

आमच्या इंगळे सरांना आकाशाचं वेड होतं. त्यांनी एकदा फळ्यावर ययाती नावाचा तारकासमूह काढला आणि त्यातल्या एका ताऱ्यावर खडूनं गोल केला. त्याचं अरबी नाव अलगोल. सर म्हणाले, हा दिसतो एक, पण आहेत दोन. जोडतारा आहे. दोघं एकमेकांभोवती फिरतात, आणि दर तीन दिवसांच्या आत-बाहेर त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढून जातो. मग सगळा तारा आपल्याला विझत आल्यासारखा दिसतो. दुर्बीण लागत नाही. डोळे असले की झालं.

"आमाले दिसन?" गीतानं विचारलं.

"का नाही दिसणार? बघा अन् मला सांगा."

बाबा तेव्हा जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचे पट्टे, बेअरिंगं, दाते सगळं त्यांच्याकडे. त्यांनी मालकाच्या मुनीमाला विचारून आम्हाला गच्चीवर जायची परवानगी काढली. पौष महिना होता. संध्याकाळी साडेसहाला आम्ही लोखंडी जिना चढून वर गेलो. खाली आवारात कापसाच्या गंज्या होत्या, त्या वर्षी थोड्याच आणि अंतरा-अंतरानं. अंधार पडत गेला तशी जमीन काळी झाली आणि गंज्या तेवढ्या उरल्या, जणू आकाशातून ढग उतरून आवारात बसले आहेत. यंत्रांची घरघर पायाखालून येत होती. हवेत रुईचे तंतू तरंगायचे, ते आमच्या केसांवर, पापण्यांवर बसायचे.

आम्ही अलगोल शोधला. शेजारचे दोन-तीन तारे ठरवून ठेवले, एक त्याच्याएवढा, एक त्याच्याहून मंद. मग बघत बसलो. काहीच होत नव्हतं. गीता म्हणाली, तुझे बाबा खाली काय म्हणत असतील. मी म्हणाले, पाच मिनिटं. अशी पुष्कळ पाच मिनिटं गेली. आणि मग केव्हातरी, नेमकं केव्हा ते दोघींनाही सांगता आलं नसतं, तो तारा त्याच्याएवढ्या ताऱ्यापेक्षा कमी झालेला होता. मग आणखी कमी. कुणी कंदिलाची वात सावकाश खाली करावी तसा. गीतानं माझं मनगट धरलं, घट्ट. इतक्या दूरची, आपल्या कुणाशी काही संबंध नसलेली एक गोष्ट आत्ता घडते आहे आणि आपण ती बघतो आहोत, हे आम्हा दोघींच्या अंगावर एकदम आलं. खालून बाबांनी हाक मारली तेव्हा तारा अगदी मंद झाला होता. तो परत उजळायच्या आधी आम्हाला घरी जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सर इतके खूश झाले की तासभर जोडताऱ्यांवरच बोलले. आकाशातले अर्धेअधिक सूर्यासारखे तारे एकेकटे नसतात, जोडीनं असतात. जोडीतला कोणीच जागेवर थांबत नाही. दोघांच्या मध्ये, जड ताऱ्याकडे थोडा सरकलेला, एक बिंदू असतो, आणि दोघं त्याच्याभोवती फिरतात. त्या बिंदूवर काहीच नसतं. रिकामी जागा असते. अलगोलमधला तेजस्वी तारा जड आणि अजून तरुण आहे, मंद तारा हलका आणि म्हातारा, हेही सरांनी सांगितलं.

तेव्हा गीतानं हात वर केला. "सर, मांगच्या आठवड्यात तुमी सांगतलं, जड तारा आपलं इंधन भराभर जाळते, लवकर म्हातारा होते. मंग या जोडीत हलका तारा म्हातारा अन् जड तारा जवान, असं काहून? जनमले त दोघं संगंच न?"

सरांनी खडू ठेवला. मग म्हणाले, "पोरी, याचं उत्तर आहे, पण मला ते नीट मांडता येणार नाही. तुम्ही दोघी पुण्याला जा, शिका, अन् मला येऊन सांगा."

पुण्याला जायचं आमच्या डोक्यात आलं ते तिथून.

तो जिनिंगचा शेवटचा हंगाम ठरला. मी पुण्याला गेले त्या वर्षी फाटक उघडलंच नाही. बाबांच्या भुवया मी पहिल्यांदा काळ्या पाहिल्या. एरवी दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्या रुईनं पांढऱ्या असायच्या. दिवाळीला घरी आले तर बाबा सकाळी आठला तयार होऊन ओसरीत बसलेले. कुठं जायचं नव्हतं, पण तयार व्हायची सवय होती.

पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी यवतमाळ जिल्हा म्हटलं की समोरच्याचा आवाज खाली यायचा. आमचा जिल्हा रोज पेपरात होता. लोक चांगले होते, हळहळायचे, पण त्यांच्या डोळ्यांत मला आमचं गाव दिसायचं नाही. पेपरातला फोटो दिसायचा. मला त्यांना सांगावंसं वाटायचं की तिथं ओढे आहेत, सागाची पानं आहेत, तिथली माणसं मोठ्यानं हसतात, आणि तिथं एका जिनिंगच्या गच्चीवरून आम्ही एक तारा विझताना पाहिला. मी सांगितलं मात्र कधीच नाही.

गीताच्या प्रश्नाचं उत्तर मला मार्गशीर्षात मिळालं. आमच्या मॅडम ताऱ्यांचं आयुष्य शिकवत होत्या. त्यांनी फळ्यावर दोन तारे काढले आणि प्रत्येकाभोवती एक सीमा आखली. त्या सीमेच्या आत जे आहे ते त्या ताऱ्याचं. दोन्ही सीमा एका बिंदूत एकमेकींना टेकतात, इंग्रजी आठचा आकडा आडवा ठेवावा तशा. म्हातारपणी तारा फुगतो. फुगता फुगता त्याची सीमा भरते, आणि मग त्याचं बाहेरचं द्रव्य त्या टेकलेल्या बिंदूतून पलीकडे वाहायला लागतं, जोडीदाराकडे. अलगोलमध्ये आज जो हलका आहे तो जन्मला तेव्हा जड होता. म्हणून आधी म्हातारा झाला. त्याचंच द्रव्य घेऊन दुसरा जड झाला.

मी शेजारी वळले. शेजारी नागपूरची एक मुलगी भराभर लिहून घेत होती.

गीताचा फोन कधीमधी होस्टेलवर यायचा, कारखान्याच्या फाटकाजवळच्या एसटीडीवरून. घाईघाईत दोन वाक्यं. पुढच्या फोनला मी म्हणाले, "तुह्या प्रश्नाचं उत्तर भेटलं."

"सांग."

"फोनवर नाई सांगत. मी येऊन राह्यली."

जानेवारीतल्या एका रविवारी मी सातारा जिल्ह्यातल्या त्या कारखान्याच्या गावी उतरले. तांड्यातल्या लोकांच्या कोप्या रस्त्याच्या कडेला होत्या, बांबू आणि उसाच्या पाचटाच्या, वाकून आत जावं लागायचं. दुपारी ट्रॅक्टर आला. मोळ्यांच्या वर बसलेली एक बाई खाली उतरली. अंगात पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला, तोंडाला फडकं. फडकं सोडलं तेव्हा कळलं, गीता. हातांवर पानांनी कापलेल्या बारीक रेघाच रेघा होत्या. मी त्या बघते आहे हे तिनं पाहिलं आणि हात सदऱ्यात ओढून घेतले.

"हा माहा भाऊ विजय," ती म्हणाली. "आमी दोघं मिळून एक कोयता. इथं नवरा-बायकोच्या जोडीले एक कोयता म्हनतेत. आमी भाऊ-बहीन, तरीबी एकच."

विजय आमच्याहून दोनेक वर्षांनी मोठा, शांत, हाताला सतत काहीतरी लागणारा. त्यानं माझ्यासाठी उसाचं एक कांडं सोलायला घेतलं.

गीतानं चूल पेटवली आणि परातीत भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मी सांगायला लागले. शब्दांत ते नीट येईना, तेव्हा तिनंच पिठाचे दोन गोळे केले, एक मोठा, एक लहान. "हा जड. हा हलका. पुढं?"

"जड आधी फुगते. त्याच्या हद्दीबाहेर जाते. मग त्याचं पीठ इकडं पडते."

ती मोठ्या गोळ्यातलं चिमूट-चिमूट पीठ लहानाला लावत गेली. लहान मोठा झाला, मोठा लहान. ती थांबली. दोन्ही गोळ्यांकडे बघत राहिली आणि मग हसली, मोठ्यानं, कॉलेजात हसायची तशी. "म्हंजे तोच जड होता! सरानं तवाच सांगतलं असतं त आपून नुसती मान डोलवली असती."

विजय म्हणाला, "मंग आता हा लहान गोया कोन खाईन?"

"तू," गीता म्हणाली. मग पुन्हा गंभीर झाली. "थांब. असं देऊन-घेऊन झाल्यावर दोघं जवळ येतेत का दूर जातेत?"

"जो देतो तो जड आहे तोवर जवळ येतात. पारडं फिरलं, देणारा हलका झाला, की दूर जायला लागतात."

"अन् आता जो जड झाला त्याचं काय? तोबी लवकर म्हातारा होईन. फुगन. मंग तो उलटं देईन काय?"

"देईल. तोवर पहिल्याचा नुसता गाभा राहिलेला असेल. श्वेत बटू म्हणतात त्याला. लहान, खूप दाट. त्याच्यावर दुसऱ्याचं द्रव्य पडत राहिलं की कधी कधी तो एकदम भडकून उठतो. आपल्याला वाटतं नवा तारा आला."

तिनं लहान गोळा उचलला आणि भाकरी थापायला घेतली. चुलीतला धूर कोपीच्या पाचटातून सावकाश वर चालला होता.

अंधार पडल्यावर आम्ही बाहेर येऊन अलगोल पाहिला. त्या संध्याकाळी काहीही झालं नाही. तो त्याच्या नेहमीच्या उजेडात होता. "रोज कुठं होते," गीता म्हणाली आणि आत जाऊन भाकरी वाढायला लागली.

जेवताना विजय खाली बघत म्हणाला, "फागुनात मी लगन करून टाकतो."

गीताचा हात थांबला. "कोनासंग?"

"सुनीतासंग. त्या पल्याडच्या टोळीत हाय, काका-काकूसंग आली. पुढच्या हंगामाले कोयता मी अन् सुनीता. तू जाय पुन्याले."

"माह्यासाठी तू तिले उसात आनतं?"

"ते उसातच हाय व गीता. आज हाय, उद्याबी हाय. अन् तुह्यासाठी कायले? मले का बायको नको?"

"इचारलं तिले?"

"इचारलं."

"काय म्हने?"

"हासली. अन् म्हने, तुही बहीन शिकून काय करते? मी सांगतलं, तारे पाह्यते. ते म्हने, मंग जाऊ दे तिले."

गीता उठून बाहेर गेली. विजय जेवत राहिला. मी काय करावं ते न कळून त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

फाल्गुनात लग्न झालं. पुढच्या पावसाळ्यात गीता पुण्याला आली, मॅडमनी खटपट करून तिला पुन्हा प्रवेश मिळवून दिला, आणि आम्ही पुन्हा एका छपराखाली राहायला लागलो. ती माझ्याहून एक वर्ष मागं होती आणि सगळ्या गोष्टींत पुढं. एखादं समीकरण पाहिलं की ती त्याच्याशी भांडायची. इतरांना ते बरोबर आहे एवढं पुरायचं, तिला ते तसंच का आहे ते हवं असायचं. मॅडमनी मला पीएच.डी.ला घेतलं तेव्हा तिच्यासाठीही जागा धरून ठेवली होती.

तिच्या एम.एस्सी.चा निकाल लागला त्या आठवड्यात गीतानं सांगितलं की ती पुसदला चालली आहे. तिथल्या ज्युनियर कॉलेजात नोकरी लागली होती.

मी चिडले. इतकी चिडले की कँटीनमधले लोक बघायला लागले. "एवढ्यासाठी आली होती का तू? चार वर्षं थांब. मग जा कुठं जायचं तिथं."

"अन् सुनीता चार वर्षं कुठं राहीन?" ती म्हणाली. "दोन हंगाम झाले, माह्या जागी ते मोळ्या वाहून राह्यली. एकदाबी तोंडातून काढलं नाई. बोलली असती त मी भांडली असती तिच्यासंग. ते बोलतच नाई, करुणा."

"विजयनं तुला पाठवलं ते कशासाठी?"

"म्हनूनच. त्यानं मले पाठवलं, आता मी त्याले वापस आनते. तू जाय पुढं. अन् जे भेटन ते मले सांगत जाय. मी सोडून नाई राह्यली काही. फक्त पुन्याले सोडून राह्यली."

ती गेली. पहिल्याच वर्षी तिनं विजय आणि सुनीताला ऊसतोडीवरून परत आणलं. विजय शाळेची व्हॅन चालवायला लागला. सुनीता सहावीत शाळा सोडलेली. ती गीताजवळ बसून दहावी झाली आणि तांड्याची आशा वर्कर झाली. रात्री-अपरात्री बाळंतपणाला तिला बोलावणं येतं, आणि आता तांड्यात गीतापेक्षा सुनीताचं नाव आधी घेतात. पुढं गीताची बदली दिग्रसला झाली, आमच्याच कॉलेजच्या ज्युनियर विभागात. इंगळे सर तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांच्या घरी जाऊन तिनं त्यांना उत्तर सांगितलं, पीठ वगैरे मागून घेऊन.

मी जोडताऱ्यांवर काम करते म्हटलं की लोक हमखास म्हणतात, किती छान, माणसांसारखंच आहे की ते. मला ते पटत नाही. फुगलेला तारा देतो कारण त्याला द्यावंच लागतं, हद्द भरली की द्रव्य आपोआप वाहतं. विजयची कुठलीही हद्द भरली नव्हती. त्यानं आपल्या मनानं ठरवलं आणि भाकरी खाता खाता सांगून टाकलं. आणि सुनीतानं तर ज्या मुलीला पाहिलंही नव्हतं तिच्यासाठी "जाऊ दे" म्हटलं. त्याचं समीकरण मला कुठं सापडलेलं नाही.

बाबांनी शेवटी दिग्रस सोडलं. वणीला कोळशाच्या ट्रकांच्या दुरुस्तीचं काम मिळालं आणि ते आणि माय तिकडं गेले. त्यानंतर सुट्टीत घरी जायचं म्हणजे वणीला जायचं. तिथं झाडांची पानं काळी, मायनं दोरीवर टाकलेली धुणी सांजेपर्यंत करडी. बाबांच्या भुवयांवर आता कोळशाची भुकटी असायची. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा ते हसून म्हणाले, "उलटं झालं पाह्य. आधी जवानीत पांढरा होतो, आता म्हातारपनी काया झालो." तिथं आमचं असं काही नव्हतं, भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पण बाबांनी पहिल्याच महिन्यात दाराला नवी कडी बसवली, खिडकीची करकर घालवली, नळाचा वायसर बदलला. मग ते घर झालं. बाबा तिथंच गेले, एका हिवाळ्यात, फार त्रास न होता. माय दिग्रसला परतली आणि गीताच्या घराशेजारी खोली घेऊन राहिली.

मी तोवर पीएच.डी. संपवून दक्षिण आफ्रिकेत, केप टाउनला आले होते. आता इथंच नोकरी आहे. इथून दक्षिणेचं आकाश दिसतं, ज्यातले कितीतरी तारे दिग्रसहून कधीच दिसत नाहीत. मी अशा जोड्या बघते ज्यात एक श्वेत बटू आहे आणि दुसरा त्याला हळूहळू भरवतो आहे. पुष्कळदा वर्षानुवर्षं काही होत नाही. अलगोल इथंही दिसतो, इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरच्या सुमाराला, उत्तरेला क्षितिजाजवळ, समुद्रावरच्या धुक्यात बुडालेला. इथं यवतमाळ कुणाला माहीत नाही. गावाचं नाव सांगितलं तर कुणाचा आवाज खाली येत नाही. पहिली काही वर्षं मला त्याचं बरं वाटलं. मग एकदा कुणीतरी सहज पुढं विचारलं, "तिथं काय पिकतं?" आणि मी उत्तर देताना इतका वेळ बोलत राहिले की समोरच्याचा चहा गार झाला. सागाच्या पानांपासून सुरुवात करून मी पार गच्चीपर्यंत आले होते.

गीताचा फोन दर रविवारी येतो. तिचा पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा नसतो. "काय नवीन?" मग मी सांगते आणि ती भांडते. माझ्या दोन शोधनिबंधांतला मूळ विचार तिच्या भांडणातून आलेला आहे. त्यावर तिचं नाव घातलं तेव्हा ती म्हणाली, "विजयले दाखवते. त्याले वाचता नाई येत विंग्रजी, पन नाव वयखन."

गेल्या वर्षी माय माझ्याकडे आली. गीतानं तिला नागपूरला विमानात बसवलं आणि ती तीन महिने राहिली. पहिल्या संध्याकाळी अंगणात उभी राहून म्हणाली, "करुणा, तुमच्या इथं चंद्र उलटा काहून हाय व?" मी तिला सांगितलं की चंद्र तोच आहे, आपण पृथ्वीच्या खालच्या अंगाला उभे आहोत. तिनं मान तिरपी करून करून तो सुलटा पाहायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिलं. "राहू दे. उलटा त उलटा."

शेजारी फातिमा आंटी राहतात. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी समुद्र ओलांडून इथं आणले गेले, कुठून ते त्यांनाही नक्की माहीत नाही. मायला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी. तिसऱ्या दिवशी कुंपणावरून त्यांनी लोणच्याची एक बरणी दिली आणि म्हणाल्या, "अत्चार." मायनं बरणी उघडून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि ओरडलीच, "आचार! हे आचारच म्हनून राह्यली!" त्या दिवसापासून दोघींचं जमलं. माय रोज सकाळी कुंपणाशी जाऊन "जय भीम" म्हणायची. फातिमा आंटींना वाटलं, आमच्याकडे असंच गुड मॉर्निंग म्हणतात. त्यासुद्धा मग हात वर करून "जय भीम" म्हणायला लागल्या. मी काही दुरुस्त केलं नाही.

माय परत निघाली त्या दिवशी मी तिला विमानतळावर सोडलं, घरी आले, स्वयंपाकघरात तिनं घासून पालथी घातलेली भांडी बघत उभी राहिले. मग दोन दिवस कामात गेले. नागपूरला गीता घ्यायला गेली होती, तिचा निरोप आला होता, माय नीट पोचली, झोपली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायचाच फोन आला.

"पोचली काय व घरी?" तिनं विचारलं.

"कोण, मी?" मला हसू आलं. "मी कुठं गेलते, माय? तूच गेली."

"असं कसं? मले सोडाले इमानतळावर आलती न. तिथून एकटी गेली वापस. मी इमानात बसून इचारच करून राह्यलती, पोरगी घरी पोचली का नाई, तिले कोन इचारन?"

खिडकीबाहेर कुंपणाशी फातिमा आंटी उभ्या होत्या. सकाळच्या "जय भीम"ची वेळ झाली होती आणि त्या कुणाची तरी वाट बघत होत्या.

"पोचली, माय," मी म्हणाले, आणि फोन कानाशी धरूनच अंगणात गेले.